रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या बचत गटानं वाण म्हणून काय लुटलं असेल, ओळखा बघू! चाळण्या नाहीत, प्लॅस्टिकचे डबे नाहीत की रुमाल नाहीत. आम्ही लुटली गोळ्यांची डबी. सोमवार ते रविवार असे सात कप्पे असलेली, औषधांच्या दुकानात मिळते ती. काही जणी हसल्या. एक आजी तर म्हणाल्या, "अगं बाई, सणासुदीला औषधाचं कसलं वाण लुटताय?"

त्यांच्या बोलण्याचं मला वाईट वाटलं नाही. कारण ही डबी वाटण्यामागं आमच्या घरातली एक गोष्ट आहे आणि त्या गोष्टीतली चूक माझी आहे. आज तीच तुम्हाला सांगायची आहे.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. चार वर्षांपूर्वी, त्या ५६ वर्षांच्या असताना, गौरी यायच्या आदल्या दिवशी त्या करंज्या करत बसल्या होत्या. एकदम पाठीत आणि जबड्यात दुखायला लागलं, दरदरून घाम फुटला. त्या म्हणाल्या, "पित्त झालंय, सकाळपासून पोटात काही नाही." आम्ही थंड दूध दिलं. उद्या गौरी बसायच्या, त्यामुळं त्या पुन्हा पोळपाटाशी बसल्या. दवाखान्यात नेईपर्यंत तीन तास गेले. ईसीजी काढला आणि आमच्या गावातल्या डॉक्टरांनी ताबडतोब सोलापूरला हलवायला सांगितलं. हृदयविकाराचा झटका होता. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. रक्तात एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १५२ निघालं.

घरी येताना पाच प्रकारच्या गोळ्या होत्या. त्यातली एक रात्रीची, कोलेस्टेरॉलची. आमच्याकडं तिचं नाव पडलं 'चरबीची गोळी'.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. एलडीएल १५२ वरून ६८ वर आलेलं. घरात इंग्रजी रिपोर्ट वाचणारी मीच. मी मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं, "अक्का, सगळं नॉर्मल आलंय!"

अक्का म्हणाल्या, "मग आता ही चरबीची गोळी कशाला? माझे पाय पण दुखतात गं. आणि शेजारच्या काकू सांगत होत्या, ही गोळी एकदा लागली की सुटत नाही."

आणि मी, बी. ए. झालेली, रोज पेपर वाचणारी, चारचौघीत आरोग्यावर बोलणारी मी म्हणाले, "बघा थोडे दिवस बंद करून. रक्त पातळ करायची तेवढी सोडू नका. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारू."

पुढची तपासणी झालीच नाही. आधी पुतणीचं लग्न, मग पेरण्या, मग पाऊस. बरोबर वर्षभरानं, मार्गशीर्षातल्या गुरुवारी, पूजेची मांडणी करताना अक्कांना दुसरा झटका आला. पुन्हा सोलापूर, दुसरा स्टेंट. या वेळी पाटल्या मोडाव्या लागल्या. अक्का वाचल्या, पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं. आज त्यांना माडीवर चढता येत नाही. पाण्याची कळशी उचलता येत नाही. तेव्हाच्या रिपोर्टमध्ये एलडीएल किती होतं माहितीय? १४९. म्हणजे जिथून निघालो तिथंच परत.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "हे माझ्यामुळं झालं का?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गोळी चालू असती तर झटका आलाच नसता, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण एक संरक्षण होतं, ते तुम्ही काढून घेतलंत."

ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्यानंतर मी ठरवलं, हे काय प्रकरण आहे ते नीट समजून घ्यायचं. डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं. आणि यंदाच्या हळदीकुंकवाला आमच्याच गावच्या एका डॉक्टरीणबाईंना बोलावून सगळ्या बायकांसमोर प्रश्न विचारले. त्यातून जे कळलं ते हे.

भिंतीतली ओल

मला वाटायचं, मोरीच्या पाइपात जसं तेलकट साचतं तशी रक्तवाहिनीत चरबी साचते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तसं नाही. पावसाळ्यात भिंतीत ओल मुरते ना, तसं समजा." जास्तीचं एलडीएल रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराखाली, भिंतीतच मुरत जातं. वर्षानुवर्षं. वरून काही कळत नाही, दुखत नाही, खुपत नाही. मग एक दिवस तिथं पोपडा धरतो आणि तो फुटतो. फुटलेल्या जागी रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. हाच तो झटका.

स्टेंट म्हणजे त्या एका जागी दिलेला टेकू. बाकीच्या भिंतीतली ओल तशीच असते. चरबीची गोळी त्या ओलीवर काम करते. नवी ओल मुरू देत नाही आणि आहे तो पोपडा सहज फुटू नये इतका घट्ट करते. हे काम एका दिवसाचं नाही, वर्षांचं आहे.

हे ऐकलं आणि माझी चूक मला लख्ख दिसली. रिपोर्ट नॉर्मल आला तो आजार गेला म्हणून नव्हे, गोळी काम करत होती म्हणून. गळक्या छपराखाली बादली ठेवली, फरशी कोरडी राहिली, म्हणून आपण बादली उचलून ठेवतो का? तापाची गोळी ताप उतरला की बंद करायची असते, ही तशी नाही. ही बंद केली की काही आठवड्यांतच एलडीएल आपल्या मूळ जागी जातं. अक्कांचं गेलं तसं.

ही गोळी आली कुठून?

या गोळ्यांच्या कुटुंबाला 'स्टॅटिन' म्हणतात. तुमच्या पाकिटावर ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन असं काहीतरी लिहिलेलं असेल. शेवट 'स्टॅटिन'नं होतो, ही खूण.

तिचा शोध बुरशीतून लागलाय, हे वाचून मला गंमत वाटली. अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं सहा हजारांवर बुरश्या तपासल्या. १९७३ मध्ये त्याला तांदळावर आलेल्या एका निळसर-हिरव्या बुरशीत हवा तो पदार्थ सापडला. तांदळाला बुरशी आली की आपण फेकून देतो, त्यानं त्यातून औषध काढलं! २०२४ मध्ये वयाच्या नव्वदीत तो गेला. त्याच्या शोधावर पुढं अनेकांनी काम केलं आणि १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिन ही बाजारातली पहिली गोळी आली.

तेव्हा सगळ्या डॉक्टरांचा तिच्यावर विश्वास नव्हता. तो बसला १९९४ मध्ये. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलँड या देशांत आधीच हृदयविकार असलेल्या ४,४४४ जणांवर अभ्यास झाला. निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून थोडा जास्त काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं. औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी निघालं.

मी विचारलं, "यात बायका किती होत्या?" डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "८२७. आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधला जो मोठा अभ्यास आला, त्यात ६,५९५ माणसं होती आणि सगळे पुरुष!" म्हणजे इथंही आपण मागंच. बरीच वर्षं लोक म्हणत राहिले की बायकांना या गोळीचा उपयोग होतो की नाही कोण जाणे. शेवटी २०१५ मध्ये २७ अभ्यासांतली १ लाख ७४ हजार माणसांची माहिती एकत्र करून पाहिली. त्यात ४६ हजारांवर बायका होत्या. तेव्हा दिसलं की सारख्याच धोक्याच्या बाईला आणि पुरुषाला फायदाही सारखाच होतो. एलडीएल साधारण ४० नं कमी केलं तर झटका, पक्षाघात अशा मोठ्या दुखण्यांचा धोका सुमारे एक-पंचमांशानं घटतो. पहिल्या वर्षी हा फायदा कमी असतो, पुढं वाढत जातो. म्हणून मधेच सोडण्यात नुकसान.

रात्रीच का घ्यायची?

हळदीकुंकवाला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच. एका मैत्रिणीच्या चिठ्ठीवर 'रात्री' लिहिलेलं, तिच्या जावेच्या चिठ्ठीवर 'सकाळी'. दोघींना वाटत होतं, आपल्या डॉक्टरांचं चुकलंय.

उत्तर सोपं आहे. कोलेस्टेरॉल फक्त तेला-तुपातून येत नाही, बरंचसं आपलं यकृत स्वतःच तयार करतं. आणि हे काम ते रात्री, आपण झोपलेलो असताना जास्त करतं. सिमव्हास्टॅटिनसारख्या जुन्या गोळ्यांचा अंमल शरीरात काही तासच टिकतो. त्या सकाळी घेतल्या तर यकृताचं काम ऐन भरात असताना अंमल उतरलेला असायचा. म्हणून त्या संध्याकाळी किंवा झोपताना घ्यायच्या.

आज आपल्याकडं जास्त करून ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन देतात. त्यांचा अंमल लांब चालतो, दिवसाचे चोवीस तास पुरतो. त्या सकाळी घेतल्या काय, रात्री घेतल्या काय, फारसा फरक पडत नाही. जेवणाआधी की नंतर, यानंही नाही. फरक पडतो तो रोज घेण्यानं.

म्हणून आपल्या गोळीचं नाव आधी वाचा. लांब अंमलाची असेल आणि रात्री विसरायला होत असेल, तर डॉक्टरांना विचारून सकाळची वेळ ठरवा. आपल्या बायकांचं रात्रीचं काय असतं, ते आपल्यालाच माहीत. सगळ्यांची जेवणं, भांडी, विरजण लावायचं, सकाळची भाजी निवडायची. अंथरुणाला पाठ टेकली की डोळा लागतो आणि गोळी डब्यातच! नवऱ्याची गोळी पाण्याच्या तांब्यासकट हातात देणारी बाई स्वतःची विसरते. आमच्या गटातल्या एकीनं आता सकाळच्या चहाशी गोळी बांधलीय, दुसरीनं संध्याकाळी देवापुढं दिवा लावण्याशी. ज्या कामाला खाडा पडत नाही, त्या कामाशी गोळी बांधायची.

एखाद्या दिवशी चुकलीच तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच घ्यायची. कालची आणि आजची मिळून दोन घ्यायच्या नाहीत.

उपवास, वारी आणि लग्नघर

आता आपल्याकडचा खास प्रश्न. "उपवासाला गोळी चालते का हो?" चतुर्थी, एकादशी, सोमवार, गुरुवार, श्रावण, नवरात्र... मोजायला बसलो तर वर्षातले किती दिवस होतात! आमच्या गटात पाच जणी ही गोळी घेतात. त्यातल्या तिघी उपवासाला सोडत होत्या. निर्जळी करणारीला तर प्रश्नच नाही. एका काकूंनी तर नऊच्या नऊ दिवस सोडलेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी म्हणजे अन्न नाही. आणि कोलेस्टेरॉलची गोळी रिकाम्या पोटीही चालते." (साखरेच्या गोळ्यांचं तसं नाही हं! मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.) त्यावर त्या आजीच म्हणाल्या, "देव काय, घोटभर पाण्याला रागावतोय होय!" सगळ्या हसल्या, पण मला वाटतं त्या एका वाक्यानं काम झालं.

तसंच वारीचं. आषाढीला पायी निघणाऱ्या बायका धोतरजोडी, टाळ, चटणी-भाकरी सगळं बांधून घेतात, गोळ्या मात्र आठवड्याच्याच असतात. संपल्या की संपल्या. लग्नघरी गेलो की पिशवी माहेरी आणि गोळ्या सासरी. आपण कुठं जाणार असू, तितक्या दिवसांच्या आणि वर चार दिवसांच्या गोळ्या आधी मोजून घ्यायच्या.

आणि पैशांचं म्हणाल, तर महिनाअखेरीला पहिली कात्री बाईच्या औषधाला लागते, हे मी गटाच्या हिशेबाच्या वह्यांत पाहिलंय. डॉक्टरांना सांगायला लाजू नका. या गोळ्यांवरचं मूळ पेटंट कधीच संपलंय, जनऔषधी केंद्रात त्या खूप स्वस्त मिळतात. तेच औषध, तितक्याच मिलिग्रॅमचं आहे ना, एवढं मात्र दाखवून खात्री करा.

पाय दुखतात त्याचं काय?

अक्कांनी सोडायचं एक कारण हेच होतं. पाय दुखतात ते खोटं नसतं. काही जणांना या गोळीनं खरंच स्नायूदुखी होते. पण प्रत्येक दुखणं गोळीचंच असतं असंही नाही.

२०२० मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास आला. त्रासामुळं गोळी सोडलेल्या ६० जणांना वर्षभर बाटल्या दिल्या. काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली, काही महिने काहीच नाही. कुठल्या महिन्यात खरी आणि कुठल्या महिन्यात खोटी, हे त्यांना माहीत नव्हतं. त्रास रोज लिहायचा. शेवटी दिसलं, खऱ्या गोळीनं जितका त्रास झाला, त्यातला ९० टक्के खोट्या गोळीनंही झाला होता! म्हणजे भीतीही दुखते. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

म्हणून दुखलं तर सोडायचं नाही, सांगायचं. डॉक्टर मात्रा कमी करतात, दुसरी गोळी देतात, थायरॉइड आणि 'ड' जीवनसत्त्व तपासतात. मात्र स्नायू खूप दुखून अशक्तपणा आला, लघवी काळपट झाली किंवा डोळे पिवळे झाले, तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरच्या गोळ्यांशी यातल्या काहींचं जमत नाही. म्हणून दुसऱ्या कुठल्याही दुखण्याला डॉक्टरांकडं गेलात तर 'मी ही गोळी घेते' हे आधी सांगा. साखर काठावर असेल तर ती या गोळीनं थोडी वाढू शकते, हेही खरं. पण धोका असलेल्या माणसाला हृदयाचा फायदा त्याहून मोठा असतो.

मग कधीपर्यंत?

सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही, आणि इथंच आपला घोळ होतो.

ज्यांना झटका येऊन गेलाय, स्टेंट किंवा बायपास झालीय, मेंदूच्या गुठळीमुळं पक्षाघात झालाय, त्यांना ही गोळी साधारणपणे आयुष्यभरासाठी असते. अक्का यात येतात. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर...

दुसरा गट, झटका आलेला नाही पण येण्याचा धोका मोठा आहे. चाळिशीपुढचा मधुमेह, किंवा एलडीएल १९० च्या वर, किंवा घरात भाऊ, वडील, आई यांना तरुणपणी झटका आलेला. यांनाही बहुतेक वेळा दीर्घकाळ घ्यावी लागते.

तिसरा गट, ज्यांचा रिपोर्ट जरासा वर आहे, बाकी काही नाही. यांना लगेच गोळीच लागते असं नाही. डॉक्टर वय, रक्तदाब, साखर, तंबाखू-मिश्री, घराण्यातला आजार असं सगळं मिळून पाहतात. कधी काही महिने खाणं-चालणं सुधारून पुन्हा तपासायला सांगतात. म्हणून शेजारणीचा रिपोर्ट आपल्यासारखाच आहे, म्हणून तिची गोळी आपण घ्यायची नाही आणि आपली तिला द्यायची नाही.

कोलेस्टेरॉल किती असावं, यासाठी २०२४ मध्ये भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं आपल्या देशासाठी मार्गदर्शक आकडे दिले. साधारण माणसाचं एलडीएल १०० च्या खाली, जास्त धोका असलेल्यांचं ७० च्या खाली आणि अक्कांसारख्या अति धोक्याच्या माणसांचं ५५ च्या खाली. म्हणजे मी ज्या ६८ ला 'नॉर्मल' म्हणून नाचले, ते या हिशेबानं अक्कांसाठी अजून कमी व्हायला हवं होतं! लॅबच्या कागदावर छापलेला नॉर्मल आकडा सगळ्यांसाठी असतो, आपला आकडा डॉक्टरांकडूनच लिहून घ्यायचा.

आणि आपल्याकडं हे लवकर का बघायचं? ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की भारत आणि शेजारच्या देशांतल्या माणसांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ च्या आसपास. बायकांचं आणखी एक, पाळी गेली की एलडीएल वाढतं. तोपर्यंत निसर्गानं जरा सांभाळलेलं असतं. आपण मात्र पन्नाशीनंतरची प्रत्येक धाप, प्रत्येक घाम 'पाळी जायच्या वयाचं आहे' म्हणून सोडून देतो.

बंद करायची वेळ येतच नाही का? येते. दिवस राहिले किंवा राहायचे असतील तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, बहुतेक वेळा ही गोळी तेव्हा थांबवतात. खूप थकलेल्या, शेवटच्या आजारातल्या माणसाची गोळी डॉक्टर विचारपूर्वक कमी करतात. पंच्याहत्तरीच्या पुढं, हृदयविकार नसलेल्यांना नव्यानं सुरू करायची का, हा माणूस बघून ठरवण्याचा प्रश्न आहे. पण आधीपासून चालू असलेली वय झालं म्हणून आपल्या मनानं सोडणं बरं नव्हे. फ्रान्समध्ये पंचाहत्तरीला पोचलेल्या १ लाख २० हजार माणसांची माहिती पाहिली, ती २०१९ मध्ये आली. हृदयविकार नसलेल्या या माणसांमध्ये, गोळी सोडलेल्यांना हृदय किंवा रक्तवाहिन्यांच्या दुखण्यानं दवाखान्यात भरती व्हायचा धोका ३३ टक्के जास्त निघाला. नुसत्या नोंदी पाहून काढलेला निष्कर्ष आहे, सोडण्याची इतरही कारणं असू शकतात. तरी विचार करायला लावणारा आहेच.

हे सगळं लिहिताना एक सांगायलाच हवं. गोळी घेतली म्हणजे वनस्पती तुपातली तळणं खायला मोकळे, असं नाही. आणि रोज चालते, लसूण खाते, काढा घेते म्हणून गोळी सोडायची, असंही नाही. चालणं हवंच, मिश्री सुटायलाच हवी, आणि गोळीही हवी. एकीनं दुसरीची जागा घेत नाही.

अक्का आता रोज गोळी घेतात. परवाच रिपोर्ट आला, एलडीएल ५१. या वेळी मी 'नॉर्मल' हा शब्द तोंडातून काढला नाही. म्हटलं, "अक्का, गोळी छान काम करतेय." त्या डबीचा शुक्रवारचा कप्पा उघडत म्हणाल्या, "तुझी तपासणी कधी करणार आहेस?"

मी गप्प बसले. सेहेचाळीस वर्षांची झाले, अजून एकदाही कोलेस्टेरॉल तपासलेलं नाही. दुसऱ्यांना शहाणपण सांगणारी मी! पुढच्या सोमवारी गटातल्या आम्ही सहा जणी मिळून रक्त द्यायला जाणार आहोत.

मैत्रिणींनो, आज एवढंच करा. घरातला गोळ्यांचा डबा काढा. आईची, सासूची, जाऊबाईंची, स्वतःची, जी कोणती 'चरबीची गोळी' असेल तिचं नाव वाचा. मधेच सोडलेली असेल तर रागावू नका, कारण विचारा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जाताना हे प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या : ही गोळी मला कशासाठी? कोणत्या वेळी? कधीपर्यंत? माझा आकडा किती असायला हवा? पुन्हा तपासायचं कधी?

मी हे प्रश्न चार वर्षांपूर्वी विचारले नाहीत, तुम्ही जरूर विचारा.